मगरीबच्या आधी

केबोनारी
सोमवार, २८ जुलै

ले त्रियोको, माझ्या पोरा,

पत्राची सुरुवात 'इकडे सगळे खुशाल' अशी करायची असते. मी लिहायला शिकत होते तेव्हा तुझ्या वडिलांना विचारलं होतं, खुशाल नसलं तर काय लिहायचं? ते म्हणाले, मग हवेबद्दल लिही. तर हवा कोरडी आहे. पहाटे गार वारा सुटतो आणि आपल्या खानावळीच्या पत्र्यावर पेरूची फांदी घासत राहते.

आता कामाचं. मशिदीतल्या मोदीनकाकांनी दिवस मोजून दिला. तुझे वडील गेले त्याचा हजारावा दिवस ९ ऑगस्टला, शनिवारी, पाच बाजारदिवसांपैकी पोनला येतो. ते सोमवार वागेला गेले, म्हणून वार सहावा आणि बाजारदिवस पाचवा, असं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. त्या दिवशी कब्रीवर दगड बसेल. दगड तयार होऊन अंगणात पेरूखाली ठेवला आहे. उशाकडचा दगड मुलाने धरायचा असतो. दुसरं कोणी धरलं तरी चालतं असं मोदीनकाका म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तू आला नाहीस. सातव्याला, चाळिसाव्याला, शंभराव्याला, दोन्ही वर्षांच्या दिवसांना आला नाहीस. मी एकदाही बोलले नाही. हजाराव्यानंतर मोजायला दिवस उरत नाही. म्हणून या वेळी बोलते आहे. ये.

अडचण तुला कळलीच असेल. आज मोसमाचं वेळापत्रक छापून आलं. मीच सगळ्यांना वाचून दाखवलं. पहिला सामना रविवारी परगावी, नव्याने वर चढलेल्या एका संघाशी. आणि त्याच आठवड्यात, शनिवार ९ ऑगस्टला, साडेतीन वाजता, आपल्या मैदानावर आपले रानबैल विरुद्ध तुमच्या बंदराचे बगळे. पहिल्याच आठवड्यात! तुझ्या सुगेंगकाकांनी टेबलावर असा हात मारला की सांबलच्या वाट्या उडाल्या. "म्बाक, वहिनी, परत वाचा," म्हणाले. मी परत वाचलं. बाकीचे नाचत होते. मी पेपरची घडी घालून डब्याखाली ठेवली.

बंदराहून येणारी बस सामन्याच्या दिवशी बंद असते. तुझ्या गाडीची पाटी 'एम'ची, बंदराची आहे. मी काहीतरी मार्ग काढते.

कब्रस्तानात तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी मान हलवली होती. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी येतोस की नाही ते कळव.

सूनबाईने, रोमलाने, पाठवलेला नातीचा, केनांगाचा फोटो मिळाला. दोन वर्षांची पोर इतक्या रागाने बघते, ते तुमच्या घराण्यातलंच. टोपी तुमच्या बगळ्यांची, हिरवी आहे. चांगली दिसते.

तुझी आई


सोमवार, ४ ऑगस्ट

ले,

रोमला कळवते की तू पाकीट उघडत नाहीस, म्हणून ती उघडून जेवणाच्या टेबलावर ठेवते. मग जेवताना तरी वाच.

काल आपण चार-एकने हरलो. तुम्हा लोकांना आनंद झाला असेल. खानावळीत चाळीस माणसं होती आणि पहिल्या गोलनंतर कोणी पेचेलच्या ताटाला हात लावला नाही, भात तसाच निवला. नवा गोलकीपर सातासमुद्रापलीकडून आणला आहे. तिसरा गोल झाला तेव्हा न्हावी म्हणाला, "याच्यापेक्षा माझी सासू बरी. तिच्या पुढ्यातून मी अजून एक लाडू पळवू शकलो नाही."

"सासूला कितीला देतोस?" कोणीतरी ओरडलं.

"फुकट ने. परत मात्र आणू नकोस."

चौथा गोल झाला आणि हसणं थांबलं. मग सगळे मोबाईलमध्ये डोकी घालून बसले. कोण काय लिहितंय ते एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत होते. प्रशिक्षकाला हाकला. मालकाला हाकला. गवत सुद्धा बदला. मग बंदराकडच्या कोणीतरी लिहिलेलं वाचलं गेलं: 'बैलांनो, शनिवारी दावं आम्हीच आणतो.' ते वाचलं आणि सगळ्यांनी मोबाईल खाली ठेवले. ते मला ओळखीचं आहे. हरल्याचा राग प्रशिक्षकावरून उठला आणि शनिवारवर जाऊन बसला.

नेहमी पुलावर माणसं बगळ्यांशी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बंदराच्या गाड्या अडवायला उभी राहतात. या वेळी आजपासूनच आहेत. सकाळी टोफूची एक गाडी अडवली. पाटी 'एम'ची होती. ड्रायव्हर ओरडत होता, "अरे, मी इथलाच, केबोनारीचाच! गाडी जुनी घेतली आहे!" तोपर्यंत पुढची काच गेली होती. टोफू रस्त्यावर पसरला. नंतर त्याच माणसांनी त्याला पाणी दिलं, माफी मागितली आणि टोफू गोळा करू लागले. एकजण त्याला समजावत होता, "काका, पाटी बदलून घ्यायची ना आधी. आम्हाला कसं कळणार?"

तुला माहीत आहे, मी चाळिशीला आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तुझ्या वडिलांनी शिकवलं ते पेपरच्या खेळाच्या पानावरून. पण त्याच्याही आधी त्यांनी दोन अक्षरं शिकवली, खानावळीच्या दारात बसून, रस्त्यावरच्या गाड्या दाखवून. वाकडातिकडा गांडूळ म्हणजे 'एस', आपला. दोन डोंगर म्हणजे 'एम', बंदराचा. मला गंमत वाटायची. दिवसभर मी गाड्या वाचत बसायची.

आता दोन डोंगर दिसले की मी आधी पुलाकडे बघते.

शुक्रवारी पहाटे, पुलावर कोणी नसताना, येऊन राहशील का? गाडी आपण मागच्या गोठ्यात लपवू, वर ताडपत्री टाकू. पाया पडते.

आई


मंगळवार, ५ ऑगस्ट

ले,

रोमलाचा निरोप आला. तुझं वाक्य तिने जसंच्या तसं पाठवलं, त्याबद्दल तिला रागावू नकोस. 'ज्यांनी मरताना येऊ नको म्हटलं त्यांच्या उशाचा दगड मी का धरू?'

हे वाक्य मी सकाळपासून वाचते आहे.

मी तुला फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस हे एक. दुसरं असं की फोनवर मला खोटं बोलता येतं. एकदा बोलले आहे. कागदावर माझी अक्षरं इतकी सावकाश येतात की खोटं वाक्य पुरं होईपर्यंत मलाच त्याची लाज वाटते. म्हणून लिहिते आहे. बसून वाच. रोमलाला शेजारी बसव.

तो रविवार होता. साडेतीनला सामना सुरू झाला, तुमच्याशीच. तुझे वडील पलंगावर होते, रेडिओ उशीला टेकवलेला. तुम्ही गोल केला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "बंद कर." रेडिओ बंद कर असं त्यांनी लग्नापासून कधी म्हटलं नव्हतं. मग म्हणाले, "योकोला बोलव."

मी म्हटलं, "सकाळीच कळवलंय त्याला, तुम्हाला बरं नाही म्हणून. आज कसा येईल? उद्या येईल."

ते म्हणाले, "त्याला म्हणावं, हिरवा शर्ट घालून ये, पण ये."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. मी पाणी पाजत होते. पाच वाजून पाच मिनिटांनी ते गेले.

पाच-दहाला तुझा फोन आला. तू म्हणालास, "आई, मी निघालोय, चढाला लागलोय, पाऊण तासात पोचतो." आपल्या खिडकीतून पूल दिसतो. पुलावर पन्नासएक माणसं होती, हातात बांबू. आपण तेव्हा एक गोलने मागे होतो. एका पांढऱ्या गाडीला त्यांनी घेरलं होतं आणि आतली बाई दोन्ही हात काचेला लावून बसली होती.

वडील गेले असं मी सांगितलं असतं तर तुला कोणी थांबवू शकलं नसतं. तू पुलावर आला असतास. म्हणून मी म्हटलं, "वडील म्हणतात, येऊ नको."

तू म्हणालास, "असं म्हणाले?"

तुझा आवाज ऐकून मला कळलं की एवढ्याने तू वळणार नाहीस. तू विनवायला येशील. म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं. "म्हणाले, तिकडचा झालास, तिकडेच राहा."

ते वाक्य माझं आहे, ले. त्यांचं नाही. तू वळलास. तू जिवंत राहिलास. आणि हजार दिवस ते वाक्य जवळ ठेवून जगलास.

सात वाजेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून राहिले. डोळे मिटले होते. पण हनुवटी बांधली नाही, कारण बांधली असती तर ते गेले हे कोणालाही दिसलं असतं, कोणीतरी तुला कळवलं असतं, आणि तू अजून रस्त्यावर होतास. मधे मैदानातून मोठा आवाज आला, मग दुसरा त्याहून मोठा. आपण दोन-एकने जिंकलो होतो. सूर्य मावळला, मगरीबची बांग झाली. सात वाजता सुगेंगकाका गळ्यात ढोल तसाच घेऊन धावत आले, घामाने निथळत होते. मी म्हटलं, "आत्ताच गेले." त्यांनी विचारलं, "शिट्टी ऐकली का दादांनी?" मी म्हटलं, "ऐकली." तुलाही मी तेव्हाच फोन केला आणि तीच वेळ सांगितली.

दुसऱ्या दिवशी मातीवर उभा राहून तू मला विचारलंस, "खरंच असं म्हणाले?" आणि मी मान हलवली. तेव्हा तू सुखरूप समोर उभा होतास. तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला दोनशे लाल शर्ट होते आणि तू कडेला एकटा होतास. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर तू इथेच कोसळशील. हे खरं कारण आहे का, मला माहीत नाही. बहुतेक मला माझीच भीती वाटली.

आता ये असं कोणत्या तोंडाने म्हणू? तरी म्हणते.

आई


गुरुवार, ७ ऑगस्ट

ले,

रोमला लिहिते, 'वाचलं. दोनदा वाचलं. काही बोलत नाही.' मी ते दिवसातून वीस वेळा उघडून बघते.

काल मी मोदीनकाकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते चहा ढवळत होते, ढवळतच राहिले. मग म्हणाले, "मगरीबच्या आधी गेला?"

"पाच-पाचला."

"म्हणजे सोमवार नव्हे. वार मगरीबला, सूर्य मावळला की बदलतो; त्यानंतर गेला असता तर सोमवार." त्यांनी बोटं पुढे केली. "रविवार पोन. वार सहावा, शुक्रवार. बाजारदिवस पाचवा, पाहिंग. बु वारसियेम, हजारावा दिवस शनिवारी नाही. शुक्रवारी आहे."

मग ते परत मोजू लागले. मला वाटलं चुकले. ते म्हणाले, "तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा, दोन्ही वर्षं. सगळे एक दिवस उशिरा झाले."

मी सहा वेळा भात शिजवला, ले, सहा वेळा माणसं बोलावली, आणि सहाही वेळा तुझे वडील आदल्या दिवशी येऊन बसले असतील आणि चूल थंड बघून परत गेले असतील. मोदीनकाका म्हणाले, असं काही नसतं. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

मग सुगेंगकाकांना सांगायचं होतं. ते सोपं नव्हतं. तुला माहीत नसेल, उत्तरेच्या स्टँडमध्ये तुझ्या वडिलांच्या नावाचं मोठं कापड आहे, वीस मीटर लांब: 'कासदी, शेवटच्या शिट्टीपर्यंत'. दरवर्षी मोसमातल्या आपल्या मैदानावरच्या पहिल्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं ते उलगडतात आणि सगळा स्टँड उभा राहून गातो. कासदीने जीव धरून ठेवला, जिंकल्याचं ऐकलं आणि मगच सोडला, असं लहान मुलंसुद्धा सांगतात. या शनिवारी ते उलगडायचं आहे. चार-एकनंतर सगळ्यांची भिस्त त्याच्यावरच आहे. काल खानावळीत सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते, की संघात दम नाही तर नसो, कासदी आहे ना.

त्या सगळ्यांसमोर मी सांगितलं. एकेकाला सांगायची ताकद नव्हती.

आधी कोणाला कळलंच नाही. न्हावी म्हणाला, "म्हणजे त्यांनी दुसरा गोल ऐकला नाही?"

"पहिलाही नाही," मी म्हटलं. "त्यांनी रेडिओ बंद करायला सांगितला होता."

"कासदींनी? रेडिओ बंद?"

"हो."

"बु, हे आत्ता का सांगताय?" मागून कोणीतरी म्हणालं. "शनिवार तोंडावर आलाय. सोमवारी सांगायचं."

सुगेंगकाका उठून उभे राहिले. "म्बाक, ते कापड आम्ही अख्खा रमजान बसून शिवलंय. रोजा सोडून शिवायला बसायचो. दादा जिंकल्याचं ऐकून गेला, एवढंच माझ्याकडे होतं. तो जाताना मी तिथे नव्हतो, ढोल बडवत होतो. निदान तो ढोल त्याने ऐकला, असं मी हजार दिवस..."

मी म्हटलं, "ढोल इथपर्यंत ऐकू येतो, सुगेंग. पाच-पाचपर्यंत जेवढा वाजवलास तेवढा त्यांनी ऐकला. पण बोलावलं त्यांनी योकोला. हिरवा शर्ट घालून ये म्हणाले."

"हिरवा?"

"हिरवा."

ते निघून गेले. ताटातला भात तसाच होता.

दगड मी उद्या बसवणार आहे, शुक्रवारी, असरची नमाज झाल्यावर. मोदीनकाका येतील. दुसरं कोणी येईल की नाही माहीत नाही. सगळं सांगून झालं आहे, ले. आता तुला आणायला माझ्याकडे आणखी काही नाही. दिवस बदलावा म्हणून मी हे सांगितलं का, असं तू विचारशील. थोडं त्यासाठीही. तू शनिवारी पूल ओलांडू नयेस म्हणून. खोटं मी तुला पुलापासून लांब ठेवायला बोलले आणि खरंही त्याच कामाला लावते आहे. मी अशीच आहे.

आई


शुक्रवार, ८ ऑगस्ट
दुपारी एक

ले,

हे पत्र आधीच्यांसारखं पार्सलच्या गाडीने येणार नाही. ज्याने ते तुझ्या हातात दिलं त्याच्याकडे आधी बघ, मग वाच.

जुम्मा सुटल्यावर सुगेंगकाका सरळ इकडे आले. दोन दिवस घरी कोणाशी बोलले नव्हते असं काकू म्हणत होती. आत आले नाहीत, मोटारसायकलवर बसूनच म्हणाले, "म्बाक, पोरगा निघालाय का?"

मी म्हटलं, "माहीत नाही. रोमला लिहिते, सकाळी बाहेर पडला. कुठे ते सांगितलं नाही."

"हद्दीवरच्या पेट्रोल पंपावर मी थांबतो. तिथे गाडी ठेवू दे त्याला. माझ्यामागे बसू दे. पुलावर माझीच माणसं आहेत, माझ्या मागे बसलेल्याकडे कोण बघतो ते मी बघतो."

"आणि तो पंपावर नसला तर?"

"तर पुढे जातो. बंदरात. घर सापडेल."

मी म्हटलं, "सुगेंग, तुझी पाटी 'एस'ची आहे. उद्या सामना आहे."

"मग? वाचता त्यांनाही येतं, माहीत आहे मला." हेल्मेट चढवता चढवता म्हणाले, "चार-एकने हरल्यावर माणूस तसाही मेल्यातच जमा आहे." पण हसले नाहीत. म्हणाले, "ते कापड आज पोरांनी बाहेर काढलंय. शेवटचे शब्द उसवायचे की ठेवायचे, भांडणं चाललीत. न्हावी म्हणतो, नुसतं 'कासदी' पुरे. मी म्हटलं, त्याच्या मुलाला विचारू."

ते इंजिन बंद न करता उभे आहेत आणि मी ओट्यावर वही ठेवून हे लिहिते आहे. मला भरभर लिहिता येत नाही. ते दर दोन ओळींनी हॉर्न वाजवतात.

भात झाला आहे. डबे भरले. लोक येतील न येतील, पन्नास भरले. तुझ्या डब्यावर तुझं नाव लिहिलं आहे, रोमलाच्या डब्यावर तिचं. केनांगाचा डबा लहान आहे, त्यात तिखट घातलेलं नाही. आज त्या दोघींना आणू नकोस. आज तू एकटा ये. डबे तू परत नेशील.

पायाकडचा दगड मोदीनकाका आणि मी बसवू. उशाकडचा तसाच ठेवणार आहे. तू येईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असं मी मोदीनकाकांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "किती वेळ?"

आज मगरीब पाच-एकतीसला आहे. मी मशिदीच्या तक्त्यावर स्वतः वाचून आले. बांग झाली की शनिवार सुरू होतो. शुक्रवार पाहिंग संपतो आणि तुझ्या वडिलांचा दिवस सातव्यांदा चुकतो.

त्या दिवशी वेळ सरावी, बांग होऊन जावी म्हणून मी त्यांच्या शेजारी बसून राहिले होते. आजही त्यांच्याच शेजारी बसणार आहे, ती होऊ नये म्हणून.

सुगेंगकाकांच्या मागे बस. दोन्ही हातांनी घट्ट धर, ते वळणावर वेग कमी करत नाहीत. आणि हिरवा शर्ट अंगात असेल तर तसाच ये, वर काही चढवू नकोस. बोलावणं तसंच होतं.

आई